गोड नसलेला पाव

मी एक जुना टोस्टर आहे. माझं पत्र्याचं अंग काळवंडलं आहे आणि खटका दाबताना जरा अडतो. मित्रांनो, एका कारखान्यात माझ्या पोटात तारा ओवल्या गेल्या. तिथून लग्नाच्या पहिल्या वर्षी एका रंगाऱ्याने मला बायकोसाठी घरी आणलं. तो लोकांच्या भिंती रंगवी, ती घरी शिवणयंत्र चालवी. सकाळच्या लगबगीत मी दोघांना पोटाला आधार देई. "आपला टोस्टर गुणाचा आहे हो," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे आणि मी फुशारून जाई.

तेव्हा कोपऱ्यावरच्या बेकरीतला साधा, किंचित खारट पाव घरी येई. पुढे बेकरी बंद पडली. दोघं म्हातारी झाली आणि ती आजारी पडली. औषधांनी तिचं तोंड आलं. भाजलेल्या पावाशिवाय काही घशाखाली उतरेना, आणि गोड जिभेला लागलं की तिला मळमळे.

दुकानातले पाव मात्र एकजात गोड! रंगारी पाकीट आणी, ती एक घास घेऊन ताटली सारून ठेवी, की हा पुन्हा चपला घालून बाहेर. दुकानदार छातीठोकपणे सांगत, हा मुळीच गोड नाही म्हणून. स्वतः चाखून बघावं हे काही याला सुचलं नाही. तिच्या तोंडचा घास आपण कशाला घ्यायचा, असं त्याला वाटे.

मला चाखायची गरज नव्हती. पावात साखर जास्त असली की तो चटकन लाल होतो, करपतोसुद्धा. रंगारी माझ्यावरच डाफरे, याला म्हातारचळ लागलाय म्हणे. मला फार वाईट वाटे, पण सांगणार कसं?

एका संध्याकाळी तो गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून पाव घेऊन आला. पाय सुजलेले, चेहरा मात्र खुललेला. मी तापलो आणि काप बघता बघता लाल झाला. हाही गोडच होता.

तिने घास घेतला, बराच वेळ चघळला, कसाबसा गिळला.

"हा नाही हो गोड," ती म्हणाली. "मिळाला एकदाचा. आता कुठे जाऊ नका. बसा इथे."

तो बसला. ती झोपेपर्यंत तिचा हात धरून बसला. पण सकाळी त्याला राहवेना. हा पाव संपला तर? शेजारणीला तिच्याजवळ बसवून तो पुन्हा त्याच दुकानाकडे निघाला. पाकिटं छातीशी धरून परतला, तेव्हा ती गेली होती.

पुढे एके सकाळी शेजारणीने त्याला बळेच काहीतरी खायला लावलं. घरात तोच पाव होता. त्याने काप भाजला, पहिल्यांदाच स्वतः एक घास घेतला आणि ओट्याला टेकून खालीच बसला.

"गोड आहे गं," तो आतल्या खोलीकडे बघत म्हणाला. "मग सांगितलं का नाहीस?" आणि तो लहान मुलासारखा रडला. मी ओट्यावर, त्याच्या डोक्याशीच होतो, अजून गरम, आणि मला काही करता येत नव्हतं.

आता मला कुणी लावत नाही. मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण घरात कुणी आजारी असेल, तर त्याच्यासाठी धावाधाव करण्याआधी त्याच्या ताटातला एक घास आपण चाखून बघा. आणि ते माणूस 'बसा' म्हणालं, तर दुसऱ्या दिवशीही बसा.