पुन्हा तोफगोळ्यांकडे

मी एक जुना पोलादी प्रेस आहे, मित्रांनो. छापखान्यातला नव्हे बरं. तापवून लालबुंद केलेले पोलाद माझ्याखाली ठेवतात आणि मी ते दाबून त्याला आकार देतो. माझे खांब इंग्लंडमधल्या शेफील्डजवळ ओतले गेले, पण सारे आयुष्य गेले वॉटफर्डबाहेरच्या एका कारखान्यात.

तरुणपणी मी तोफगोळ्यांची आवरणे घडवली. मोठमोठे अधिकारी मला बघायला यायचे. मग शीतयुद्ध संपले, ऑर्डरी आटल्या आणि मी ताडपत्रीखाली गेलो. कबुतरांनी माझ्या डोक्यावर घरटी केली. मला भंगारात काढणार होते, तेवढ्यात धम्मशीला नावाची इंजिनिअर नोकरीला आली. रेल्वेचे डबे धडकले तर धक्का सोसणारे बफर असतात ना, ते तिने माझ्याकडून घडवून घेतले. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे युक्रेनमध्ये युद्ध पेटले. युरोपातल्या देशांच्या लक्षात आले की आपली कोठारे रिकामी आहेत आणि ती भरणारी यंत्रे आपणच मोडीत काढली आहेत. एका दुपारी मॅनेजर इंद्रजित लगबगीने आला.

"धम्मशीला, ऑर्डर मिळाली! तोफेचे शेल्स. आता कारखाना बंद पडत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी नाही करणार, इंद्रजित. हिंसा करणार नाही, हे पंचशीलातलं शील काय फक्त संडेला विहारात म्हणायचं?"

"आणि कुणी बनवलेच नाहीत तर? माझी सासू लिथुआनियात, विल्नियसला असते. रशियाच्या हल्ल्याच्या भीतीने दुखऱ्या गुडघ्यांनी तळघरात उतरायची प्रॅक्टिस करते. तिला काय सांगू?"

शेवटी बफरचे काम तिने शेजारच्या छोट्या प्रेसवर मागून घेतले. तिचे प्रमोशन हुकले. मी मात्र पुन्हा तोफगोळे घडवू लागलो.

एका सकाळी ती जाता जाता थबकली. माझ्या नळीतून तेल पाझरत होते. तिने मला तिथल्या तिथे बंद केले. इंद्रजित तावातावाने आला.

"अगं, ट्रक बाहेर उभा आहे! आणि हे तुझं काम नाही ना?"

"नळी फुटली तर तेल राजच्या अंगावर उडेल," माझ्या ऑपरेटरकडे बोट दाखवत ती म्हणाली. "तो काय बनवतोय हे तेलाला कळत नाही."

इंद्रजितने ट्रक परत पाठवला आणि बाह्या सरसावून नळी बदलायला तिच्या शेजारी बसला. तेव्हापासून माझी तपासणी तीच करते. तोफगोळ्याला तिने हात लावला नाही, आणि त्यानेही पुन्हा विचारले नाही.

मित्रांनो, काय घडवायचे हे मला ठरवता येत नाही. ते तुम्हालाच ठरवावे लागते. यंत्रांची निगा राखा, ती चालवणाऱ्यांना जपा. आणि आम्हाला कामाला लावण्याआधी आपसात बोला. भांडलात तरी चालेल. मी तोवर थांबेन.