मधली पट्टी

गोल्फच्या मैदानावर मुकादमांनी गवतात बोट उभं रोवलं आणि क्लबच्या अध्यक्षबाईंना वाकून बघायला सांगितलं. फेअरवेचं, म्हणजे बॉल जिथे पडायला हवा त्या मोकळ्या भागाचं, गवत जेमतेम नखाच्या वर येत होतं. मग ते पलीकडच्या उंच गवताकडे सरकले आणि त्यात हात घातला, तर मनगट दिसेनासं झालं. या दोन्हींच्या मध्ये गवत कापायच्या यंत्राच्या रुंदीएवढी एक पट्टी होती. तिथलं गवत बोटाच्या दुसऱ्या पेराला टेकत होतं.

"बॉल जरासा चुकला तर शिक्षाही जराशीच व्हावी, म्हणून ही पट्टी," मुकादम म्हणाले. "नाहीतर वीतभर चुकलेला आणि मैलभर चुकलेला, दोघांची रवानगी एकाच रानात."

बरोबर आलेली समितीची माणसं हसली. सेक्रेटरी तेवढे हसले नाहीत. एका पट्टीसाठी वेगळं यंत्र आणि त्यावर वेगळा माणूस हे त्यांना कधीपासून खुपत होतं. खेळणाऱ्यांपैकी निम्म्यांना पट्टी आहे हेसुद्धा ठाऊक नाही, असं ते म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं.

"मुकादम, तुम्ही सांगाल ते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ठेवायची की काढायची?"

"ठेवायची. पट्टी गेली तर मैदानाची रया जाईल."

झालं, विषय मिटला. मुकादम बोलले की गोल्फ क्लबात त्यावर दुसरं कोणी बोलत नसे. मैदान ओलं असलं की ते भल्याभल्यांना आल्या पावली परत पाठवत, आणि अध्यक्षबाईंनाही एकदा पाठवलं होतं. या माणसाच्या पोटात एक आणि ओठात एक असं कधी नसतं, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं.

आणि आज हा गृहस्थ चक्क खोटं बोलला होता. पट्टीबद्दलचं त्यांचं खरं मत यंत्रांच्या शेडमधल्या भिंतींनाही पाठ होतं: धड ना इकडची, धड ना तिकडची, नुसती उठाठेव. पण घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडेच. पट्टीच्या यंत्रावर त्यांचा धाकटा भाऊ बसायचा. पट्टी गेली की यंत्र जाणार आणि यंत्रापाठोपाठ धाकटा. पन्नाशी उलटलेल्या माणसाला आता नव्यानं कोण दारात उभं करणार?

परतताना अध्यक्षबाई चौथ्या होलपाशी थांबल्या.

"इथे पट्टी वाकडी गेलीय हो. थेट उंच गवतात शिरलीय."

"स्टिअरिंग ढिलं झालंय," मुकादम म्हणाले. हे मात्र त्यांना खरंच वाटत होतं.

संध्याकाळी ते धाकट्याकडे गेले. शेडच्या मागे दोघा भावांची घरं भिंतीला भिंत लावून होती. धाकटा पायरीवर बसून बूट पुसत होता.

"राहिली तुझी पट्टी," मुकादम म्हणाले. "समितीसमोर ठासून सांगितलं. आता मरेपर्यंत बस त्या यंत्रावर."

धाकट्यानं बूट खाली ठेवला. हसला नाही, की दोन शब्द चेष्टेचे बोलला नाही. एरवी या माणसाच्या जिभेला विसावा म्हणून नसायचा.

"बरं झालं, दादा," एवढंच म्हणाला आणि दाराची चौकट धरून आत गेला.

मुकादमांना राग आला. ज्याच्यासाठी जन्माची इभ्रत पणाला लावली, त्याचं तोंड हे असं! घरी जाऊन ते हात धूत होते, तोच धाकट्याची बायको मागल्या दारी येऊन उभी राहिली.

"भाऊजी, मी सांगितलं असं कळू देऊ नका."

"बोल."

"त्यांना दिसत नाही."

मुकादमांनी नळ बंद केला.

"म्हणजे माणसं दिसतात, दार दिसतं. पण हिरव्यातलं हिरवं कळत नाही. कुठलं गवत छोटं, कुठलं मोठं, सगळं एकच. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं टिकवा. चाक कुठे जड होतं, कुठे हलकं, त्यावरून चालवतात यंत्र." तिनं पदरानं डोळे पुसले. "परवा एक बाई बॉल शोधत वाकल्या होत्या, हिरवा शर्ट घालून. त्या ओरडल्या तेव्हा यांनी ब्रेक दाबला. रात्रभर झोपले नाहीत."

"मला का नाही सांगितलं त्यानं?"

"तुम्हाला सांगायचं म्हणजे त्यांना जिवावर येतं. तुम्हीच बोट धरून या कामाला आणलंत. ते म्हणत होते, समिती पट्टीच काढून टाकेल. मग पट्टी गेली म्हणून घरी बसलो म्हणता येईल. कोणाला काही सांगावं लागणार नाही. मुलीकडे जाऊन राहायचंही ठरलं होतं आमचं."

ती गेल्यावर मुकादमांनी ओले हात पुसले. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ती वाकडी पट्टी त्यांनीही पाहिली होती, आणि दोष दिला होता स्टिअरिंगला.

सकाळी ते अध्यक्षबाईंच्या खोलीत गेले आणि खुर्ची दाखवली तरी उभेच राहिले.

"पट्टी काढून टाका. गरज नाही तिची."

बाईंनी चष्मा काढला. "काल तर रया जाईल म्हणालात."

"काल खोटं बोललो."

"का?"

"ते नका विचारू, बाई."

बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"समितीला काय सांगू? तुमच्या एका शब्दावर सेक्रेटरींना गप्प बसवलं मी."

"सांगा, मुकादम खोटं बोलला."

"पुढच्या वेळी तुमचं कोणी ऐकणार नाही."

"माहीत आहे."

तिथून ते झपाझप शेडकडे निघाले. धाकटा यंत्रावर बसला होता, किल्लीला हात लावून. मुकादमांनी पुढे होऊन किल्लीच काढून घेतली.

"उतर. पट्टी रद्द झाली."

"रद्द? काल तर तू म्हणालास..."

"काल म्हणालो. आज त्यांनी ठरवलं. मोठ्या लोकांचं काय, घडीत एक, घडीत दुसरं."

धाकट्यानं स्टिअरिंगवरचा हात काढला. मग त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

"तू सांगितलं नाहीस त्यांना? तुझा शब्द म्हणजे..."

"सांगितलं की. मला विचारतंय कोण आता!"

धाकटा हसला. कितीतरी दिवसांनी हसला, पहिल्यासारखा, सगळे दात दाखवून.

"म्हणजे तुझंही वजन गेलं म्हण की, दादा."

"गेलं बाबा," मुकादम म्हणाले आणि त्याला उतरायला हात दिला.