अचानक निघावं लागलं तर

अनुपमानं प्रश्नावलीचं पान उलटलं आणि सतरावा प्रश्न हिंदीत वाचला.

"दंगा हो जाए, लडाई छिड जाए और अचानक निकलना पडे, तो कितने दिन में घर पहुँचोगे?"

बटाटे चिरणाऱ्या ईश्वर महतोची सुरी थांबली.

"कब होनेवाला है, मॅडम?"

"कुछ नहीं होनेवाला. सिर्फ पढाई के लिए पूछ रही हूँ."

त्यानं मान हलवली. दारात उभी असलेली त्याची बायको मात्र बाहेर गेली आणि दोरीवरचे ओलेच कपडे काढू लागली.

अनुपमा पुण्याच्या एका संस्थेत राज्यशास्त्राची संशोधक होती. जगात कुठं ठिणगी पडली तर कुठली माणसं कुठून हलतील, याचा अंदाज बांधणं हे तिचं काम. दौंडजवळच्या भांडगावच्या कारखान्यांत बाहेरून आलेले कामगार बरेच. त्यातले कितीतरी साखरबाईंच्या शेताकडेच्या पत्र्याच्या खोल्यांत भाड्यानं राहत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिनं दारोदार जाऊन सगळ्यांना तोच प्रश्न विचारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली, तेव्हा साखरबाई ओट्यावर किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसल्या होत्या. मागच्या खोल्यांची दारं सताड उघडी होती. एका चुलीवर भाताचं पातेलं तसंच राहिलं होतं.

"काय इचारलंत त्यास्नी?"

"मावशी, नुसता अभ्यासाचा प्रश्न होता."

"लॉकडाऊनला कुणी इचारलं न्हवतं, तरी पोरंबाळं घिऊन चालत गेली. आता तर तुमी कागद घिऊन इचारलंय. थांबतील व्हय?"

अनुपमा तशीच दौंड स्टेशनला गेली. फलाटावर गोण्या, बादल्या, टेबलफॅन, झोपलेली मुलं. त्यात कुरकुंभच्या कारखान्यांतलेही लोक होते. तिथं तर तिनं पाऊलही ठेवलं नव्हतं. ईश्वर नळावर बाटली भरत होता.

"रुक जाओ, ईश्वर. मैं कह रही हूँ ना, कुछ नहीं होगा."

"तो फिर पूछा क्यों?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं हात जोडले.

"आपने पहले बता दिया, मॅडम. एहसान है."

गाडी आली. लोकांनी आधी मुलं खिडकीतून आत सरकवली, मग सामान, मग दारात लोंबकळत स्वतः. गाडी सुटून फलाट मोकळा झाला तरी ती जागची हलली नाही.

फोन वाजला. साखरबाई होत्या. आवाज सकाळसारखा चढा नव्हता.

"ताई, एक इचारू? आमचा धाकला पृथ्वीराज दुबईत हाय. त्येला बोलवून घिऊ का?"

'नको' म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण आखातातल्या युद्धाच्या शक्यतेचे आकडे तिनं गेल्याच आठवड्यात तपासले होते. ते आठवले आणि तिनं तोंड मिटलं.

 पलीकडे साखरबाईंनी फोन कानाशी तसाच धरून नवऱ्याला हाक मारली,

"अवं, पृथ्वीला फोन लावा. आत्ताच्या आत्ता."