माझ्या पाठीवरची गेरूची खूण

मित्रांनो, मी एक जुना ड्रॅगन आहे. घाबरू नका. मी जेमतेम वीतभर आहे, प्लास्टिकचा आहे आणि तोंडातून आग काढायची माझी काही टाप नाही. पंख मात्र दोन आहेत आणि ते खरोखर वरखाली होतात. आयुष्यात मी एकदाच उडालो, तेही दुकानातल्या फळीवरून थेट फरशीवर. त्या पराक्रमात माझ्या डाव्या पायाचं एक नख गेलं. ते काही परत उगवलं नाही.

माझा जन्म दूर देशातल्या एका कारखान्यात झाला. गरम प्लास्टिक साच्यात ओतलं, साचा उघडला आणि मी बाहेर आलो. माझ्या आधी त्याच साच्यातून हजारो निघाले होते, माझ्यानंतरही निघाले असतील. तरी मला माझं कौतुक आहे, कारण माझे डोळे यंत्राने रंगवलेले नाहीत. एका बाईने बारीक कुंचल्याने ते रंगवले आणि रंगवून झाल्यावर हलकेच फुंकर घातली. ती फुंकर मला अजून आठवते.

जहाज, मग मोठा ट्रक, मग छोटा टेम्पो असा प्रवास करत मी बीडच्या बाजारात विजयसिंह यांच्या दुकानात पोचलो. तिथे काल्पनिक दुनियेतलं सगळं मिळायचं. तुकडे एकमेकांत दाबून उभे करायचे गड, चिलखतातले वीर, जादूगार, दोन डोक्यांचे राक्षस. विजयसिंहांनी मला दर्शनी काचेत बसवलं. शाळा सुटली की मुलं काचेला नाक लावून उभी राहायची आणि त्यांच्या श्वासाने काच धुरकट व्हायची. खरं सांगतो, त्या दिवसांत मी जरा शेफारलोच होतो.

पण काचेतली जागा उन्हाची होती. दोन-तीन उन्हाळ्यांत माझं उजवं अंग पार पोपटी पडलं आणि डावं तेवढं गर्द हिरवं राहिलं. नवे ड्रॅगन आले, त्यांचे डोळे लुकलुकायचे, पोटातून आवाज यायचा. माझी रवानगी मागच्या फळीवर झाली. माझा खोका एका दिवाळीत भलत्याच वस्तूसाठी वापरला गेला. बिनखोक्याचं खेळणं म्हणजे काय, ते मला पुढे दोन तरुणांनी समजावलं. ते संग्राहक होते, म्हणजे अशा वस्तू हौसेने जमवून जपणारे. एकाने मला उचललं, तेवढ्यात दुसरा म्हणाला, "खोका न्हाई, नख न्हाई, रंग उडालाय. ठेव बे खाली." त्याने मला ठेवलं तेही पाठमोरं. पुढची दोन वर्षं मी भिंत बघत काढली; दुकान दिसायचं ते तिच्या चकचकीत रंगात उमटेल तेवढंच.

मग एका सकाळी साखराबाई आल्या.

पायात जाड वहाणा, कमरेला पानाची चंची, खांद्यावर घोंगडीची घडी. धारूरच्या डोंगराकडेला त्यांचं घर आणि पन्नास-साठ शेळ्यामेंढ्यांचा कळप. अशी गिऱ्हाइकं या दुकानात येत नाहीत. विजयसिंहांना वाटलं, बाई पत्ता विचारायला आल्या.

"सुनंसाठी खेळणं पायजे," साखराबाई म्हणाल्या.

"सुनंसाठी?" विजयसिंह हसू आवरत म्हणाले. "नातवासाठी म्हणायचंय का, मावशी?"

"नातू अजून जलमला न्हाई. सुनंसाठीच. ती शाळंत गणित शिकविती आन हे असलं जमविती. लई जिवापाड."

विजयसिंह माणूस चांगला, पण धंदेवाईक. त्यांनी सगळ्यात मोठा गड काढला, बोलका जादूगार काढला, दोन डोक्यांचा राक्षस फुंकून पुसून समोर ठेवला. म्हणाले, "ह्यातलं कोणतंबी न्या. जमवणारं माणूस खूश होतंच."

साखराबाईंनी त्यातल्या एकालाही हात लावला नाही. त्यांनी विचारलं, "तिच्यापाशी काय काय हाय, ते ठावं हाय का तुमाला?"

"मला कसं ठाऊक असंल?"

"मंग तिला काय पायजे, ते तुमी कसं सांगता?"

विजयसिंहांनी जादूगार बाजूला सरकवला. भिंतीकडे तोंड करून बसलेला मी मात्र कान टवकारून ऐकू लागलो. इतक्या वर्षांत असा प्रश्न त्या दुकानात कुणी विचारलाच नव्हता.

मग साखराबाई स्टुलावर टेकल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. सून ऋतुजा धर्मापुरीची. बारा वर्षांची असल्यापासून तिला या गडांचं वेड. लग्नात तिने रुखवतात इतर मुलींसारखं भरतकाम मांडलं नाही, आपल्या हाताने जोडलेला सात बुरुजांचा गड मांडला. त्याच्या माथ्यावर एक हिरवा ड्रॅगन आणि बाजूला भाला घेतलेली राखणदारीण. पाहुणे हसले. नवरी खेळणी घेऊन आली म्हणाले.

"म्या न्हाई हासले," साखराबाई म्हणाल्या, "पर मला कळलं बी न्हाई. आमच्यात रुखवतातलं लाडू, करंज्या नंतर वाटत्यात. माझ्या भाचीचं, वर्षाराणीचं लेकरू रडायलंतं. लेकरू रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून म्या गडावरचं ते पाखरू उचललं आन त्याच्या हातात दिलं. करंजी द्यावी तसं."

"मग मागून घ्यायचं परत."

"मागितलं. नारायणगडच्या जत्रंत हरवलं म्हनली वर्षाराणी." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "सून एका शब्दानं बोलली न्हाई. भांडली असती तर बरं झालं असतं. गड मोडून तिनं खोक्यात भरला, त्याला दोरी बांधली. चार महिने झाले, एक खोका उघडला न्हाई तिनं. माझ्याशी ग्वाड बोलती, ताट वाढती, समदं करती. पर दोरी सोडत न्हाई."

एवढं बोलून त्यांनी चंची सोडली. सुपारी आणि कातामधून चिमटीएवढं काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं. ते तपकिरी खोगीर होतं. त्या हरवलेल्या ड्रॅगनच्या पाठीवरचं, खाटेखाली झाडताना त्यांना सापडलेलं.

"हे ज्याच्या पाठीवर बसंल, तेच जनावर द्या."

विजयसिंहांनी दुकानातले सगळे ड्रॅगन काढले. खोगीर कुणाला सैल होई, कुणाला आखूड पडे. साखराबाईंचा चेहरा उतरत चालला. शेवटी त्या स्वतः उठल्या, मागच्या फळीपाशी आल्या आणि त्यांनी मला मानेमागून धरून उचललं. बाजारात शेळी पारखतात तसं मला पारखलं. पंख ताणून पाहिले, जबडा उघडून दात पाहिले, टेबलावर उभं करून चारी पाय सारखे टेकतात का ते पाहिलं. मित्रांनो, मला अनेकांनी हाताळलं होतं, पण माझ्यावर असं लक्ष कुणी दिलं नव्हतं. मग त्यांनी खोगीर माझ्या पाठीवर ठेवून अंगठ्याने दाबलं आणि टक असा आवाज झाला.

"मावशी, हा लई जुना हाय," विजयसिंह ओशाळून म्हणाले. "खोका न्हाई, एक नख न्हाई, रंग दोन जातीचा झालाय. जमवणाऱ्या लोकांना असलं चालत न्हाई. नवा न्या."

"नवं न्हेऊन काय करू? तिच्या गडावरचं गेलंय, तिथलंच पायजे." त्यांनी माझ्या पोपटी अंगावरून बोट फिरवलं. "उन्हात ऱ्हायलेलं दिसतंय. आमी बी उन्हातलेच हाव."

विजयसिंहांनी मला स्वतः कागदात गुंडाळलं. एरवी ते काम नोकर करायचा.

इथवर सगळं छान झालं. पण घरी पोचल्यावर साखराबाईंनी जे केलं, ते ऐकून कुठलाही संग्राहक कपाळावर हात मारून घेईल. कळपात नवं जनावर आलं की ही माणसं त्याच्या पाठीवर आपली खूण करतात. साखराबाईंच्या घराण्याची खूण दोन उभ्या रेघांची. त्यांनी तेलात गेरू खलला, बोट बुडवलं आणि माझ्या पाठीवर डाव्या अंगाला, जिथे माझा रंग शाबूत होता नेमक्या तिथे, दोन ठळक रेघा ओढल्या.

त्यांचा मुलगा हरिओम तेवढ्यात पिकअप लावून आत आला आणि जागीच उभा राहिला.

"माय, हे काय केलंस? अगं, ह्या लोकांत एक ओरखडा चालत न्हाई! ती हातमोजे घालून पुसती एकेक. आन तू गेरू लावलास?"

"आपल्या घरचं झालं म्हणून लावला."

"तेलातला हाय, आता निघायचा बी न्हाई. पुन्यांदा तेच झालं बघ. तिला न इचारता तिच्या वस्तूला हात लावलास."

साखराबाई एकदम खाली बसल्या. बोटाला गेरू तसाच होता. इतक्या लांबून इतक्या मायेने आणलेली भेट त्यांनी स्वतःच बिघडवली, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं. आता पुन्हा कुठली तरी फळी आणि कुठली तरी भिंत, अशी मी मनाची तयारी केली.

शनिवार होता, सकाळची शाळा. ऋतुजा दुपारी घरी आली तेव्हा मायलेक दोघंही काही चोरल्यासारखी बसली होती. साखराबाईंनी मला पदराखालून काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

ऋतुजाने पिशवी खाली ठेवली. मला दोन्ही हातांत घेतलं. मग तिने पंख ताणून पाहिले, जबडा उघडला, मला जमिनीवर उभं करून चारी पाय पाहिले. सासूने दुकानात केलं होतं तेच, त्याच क्रमाने! या दोघींनी एकमेकींना हे करताना कधी पाहिलं नव्हतं. मला त्या क्षणी दोघींचाही इतका अभिमान वाटला की काय सांगू. मग तिला खोगीर दिसलं आणि तिचा हात थांबला. त्यानंतर रेघा दिसल्या.

"स्पिरिटनं निघतो का बघू," हरिओम घाईने म्हणाला, "मी आत्ता आणतो."

"थांबा जरा." ऋतुजा सासूला आत्या म्हणते. तिने विचारलं, "आत्या, हे काय आहे?"

"खूण हाय, पोरी. आपल्या कळपाची." साखराबाई म्हणाल्या. "खुणंचं जनावर कुनी कुनाला देऊन टाकत न्हाई. दुसरं कुनी न्हाई आन म्या बी न्हाई. तवा कळलं नव्हतं मला, ऋतू. म्या तुझं जितराब करंजीवानी वाटून टाकलं."

 मला तिथेच ठेवून ऋतुजा आतल्या खोलीत गेली. हरिओमने आईकडे पाहिलं, आईने जमिनीकडे. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मग विळीवर दोरी कापल्याचा. थोड्या वेळाने ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातांत ती भालाधारी राखणदारीण होती आणि ओच्यात तिचे सगळे वीर, जादूगार, बुटके लोहार भरलेले होते. एकाच्याही अंगावर कधी डाग पडला नव्हता. तिने ते सगळे सासूपुढे ओळीने उभे केले.

"आत्या, मग ह्यांना बिनखुणेचं कावून ठेवायचं? ह्यांनाबी लावा. पाठीवर लावा, दिसली पाहिजे."

"अगं, खराब होतील," साखराबाई पुटपुटल्या.

"होऊ द्या. गेरू वाळायच्या आत लावा."

साखराबाईंचं बोट जाड आणि राखणदारीण बारीक. राखणदारिणीच्या पाठीवरच्या रेघा त्यामुळे जरा वाकड्याच आल्या आहेत. आजही त्या तशाच आहेत. त्या दुपारी दोघींनी मिळून गड उभा केला. साखराबाईंनी रंगांप्रमाणे तुकडे वेगळे केले, ऋतुजाने बुरुज चढवले, आणि चहा करून करून हरिओम थकला. संध्याकाळी मी माथ्यावर चढलो. तिथून दारातून थेट डोंगर दिसतो. भिंत नाही.

परवा वर्षाराणी आपल्या लेकराला घेऊन पुन्हा आली. त्याने आल्याबरोबर माझ्याकडे बोट दाखवून भोकाड पसरलं.  साखराबाई उठल्या. टोपलीतलं सगळ्यात मोठं सीताफळ त्यांनी त्याच्या हातात ठेवलं, त्याचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ते खुणंचं हाय, राजा. ते देता येत न्हाई." लेकरू रिकाम्या हाताने गेलं नाही आणि मीही कुठे गेलो नाही.

मित्रांनो, तुमच्या ओळखीतही असं जमवणारं कुणीतरी असेल. त्याला भेट द्यायची असेल तर दुकानात जाण्याआधी त्याच्या कपाटापुढे थोडा वेळ उभे राहा. काय आहे ते बघा, काय हरवलंय ते विचारा. आणि त्याची वस्तू आपली समजून कुणाला देऊ नका, मन कितीही मोठं असलं तरी.

कधी धारूरकडे आलात तर मला भेटायला जरूर या. पंख हलवून बघा, दात मोजा, अंगावरची धूळ झटका. माझ्या पाठीवरच्या त्या दोन रेघा तेवढ्या पुसू नका.