जिजाताईंचा चोरखिसा

मित्रांनो, मी शिलाई मशीन आहे. पायाने चालणारी, खोपोलीच्या बाजारात जिजाताईंच्या दुकानात उभी. माझं वय विचारू नका, टाका बघा. तीस वर्षं ब्लाउज शिवले, पण उसवलेली बाही घेऊन भांडायला एकही बाई आली नाही.

मग मोटरवाली मशीन आली. माझा पट्टा निघाला, अंगावर कापडाचे गठ्ठे पडले. फार वाईट वाटलं. पण एका दुपारी जिजाताईंनी गठ्ठे उचलले, माझ्या फळीवर मापांची वही उलटी ठेवली आणि मागच्या पानापासून कादंबरी लिहायला घेतली. पुढून मापं, मागून कादंबरी, अशा सहा वह्या भरल्या. सहाही कादंबऱ्या छापून आल्या. कर्जतपासून खालापूरपर्यंत बायका त्यांच्यासाठी वाचनालयात नंबर लावतात. लेखिका त्या असतील, पण टेबल मी आहे बरं का.

माप देताना बायका मनातलं बोलतात. दोन वर्षांपूर्वी साजगावची सुनिता म्हणाली, "ताई, आतून एक चोरखिसा लावा. मी बाहेरून बी.ए. करते. ओळखपत्र लपवायचं हाय. सासूबाई शिकू द्यायच्या नायत." जिजाताईंनी डाव्या बाजूला, अस्तराच्या आत खिसा लावला. आणि सहाव्या कादंबरीत तो तसाच्या तसा लिहिला. बाईचं नाव तेवढं बदललं.

इथेच घात झाला. साजगावात बायका दुपारी एकत्र बसून ती कादंबरी वाचू लागल्या, आणि सासवा दोरीवरचे ब्लाउज उलटे करून बघू लागल्या. सुनिता रडत दुकानात आली. "सासूबाईंनी कार्ड काढून घेतलं. शेवटची परीक्षा पंधरा दिवसांवर आली. ताई, तुमी लिवलंत कशाला?"

जिजाताईंनी नुकतीच सुरू केलेली सातवी वही मिटली ती मिटलीच. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती.

तिसऱ्या दिवशी सुनिताची सासू, अंबूबाई, स्वतः दुकानात हजर झाल्या. जिजाताईंचं तोंड उतरलं. अंबूबाईंनी ओळखपत्र आणि चोरखिशाचा ब्लाउज माझ्या फळीवर ठेवले.

"बघ गं. घामानं फोटो पार उडालाय. परीक्षेला कोन बसू देईल? दुसरं काढाया पाठवलंय सुनिताला."

जिजाताईंनी कार्ड उजेडात धरून पाहिलं.

"चिडले नाय असं नाय," अंबूबाई म्हणाल्या. "घरातली सून शिकती, आन मला ते तुझ्या पुस्तकातून कळतंय. तुझ्या पुस्तकातली सासू तर कार्ड चुलीत घालते. मी तशी दिसते तुला?"

"चुकलं माझं, मावशी."

"चुकलंच. आता तो खिसा उसव, आन पुस्तकं मावतील अशी दणकट पिशवी शिव."

जाड कापडावर मोटरवालीची सुई मोडली. मग माझा पट्टा पुन्हा चढला. ती पिशवी मी शिवली, दुहेरी शिलाईने. ती खांद्याला लावून सुनिता परीक्षेला गेली, सगळ्या साजगावासमोरून.

म्हणून सांगते मित्रांनो, घरातल्या जुन्या मशीनला अधूनमधून तेल घाला. आणि कुणी तुमच्यापाशी मन मोकळं केलं, तर ते पुढे सांगण्याआधी त्या माणसाला विचारा. जिजाताई आता विचारतात. सातव्या वहीतली सासू कशी असावी, हे विचारायला त्या परवाच साजगावला अंबूबाईंकडे जाऊन आल्या.