हिरवा होण्याची वाट

मित्रांनो, मी एक जुना वीजदर्शक आहे. जेवणाच्या खोलीत, फ्रिजच्या वरच्या भिंतीवर माझी जागा. प्लास्टिक पिवळं पडलंय, एका कोपऱ्याचा टवका उडालाय. पण घरात किती वीज चाललीय हे सांगायचं काम मी इमानेइतबारे केलं.

मला या घरातल्या ताईने घडवलं. मुख्य वायरीभोवती एक चिमटा बसवला, त्यातून येणारी खबर मी आकड्यांत दाखवायचो. घरात कोणी ढुंकून बघेना. आई म्हणाली, "हे पॉइंट अमुक-तमुक कोण वाचणार? मला काय परीक्षेला बसायचंय?" आणि माझ्यावर हात पुसायचा नॅपकिन अडकवला.

ताई हिरमुसली नाही. तिने आकडे काढून मला रंग दिले. काल याच वेळेपर्यंत लागली होती त्यापेक्षा कमी वीज लागली तर हिरवा, जास्त लागली तर लाल. मग काय विचारता! येता-जाता सगळे माझ्याकडे बघू लागले. "दादा, तुझ्या खोलीतला पंखा कोणासाठी फिरतोय? भुतासाठी?" असे टोमणे सुरू झाले. पाहुण्यांपुढे माझं कौतुक व्हायचं. मी फुलून जायचो.

आजोबांना मात्र दिवसभर ऑक्सिजनचं मशीन लागायचं. त्यांची खुर्ची बरोबर माझ्यासमोर होती.

एका दुपारी मी लाल झालो. दादा सकाळी गीझर बंद करायला विसरला होता. आजोबांना ते कसं कळणार? आपल्याच मशीनमुळे मी लाल झालो असं त्यांना वाटलं. हळूच त्यांनी बटण बंद केलं आणि मी हिरवा होण्याची वाट बघत बसले. पण मी कसा हिरवा होणार? आधीच वापरलेली वीज परत थोडीच येते! ते माझ्याकडे बघत राहिले, मी लालच राहिलो. त्यांचे ओठ निळे पडू लागले. ओरडून सांगायला मला तोंड नव्हतं.

आई पाणी द्यायला आली म्हणून आजोबा वाचले. "बाबा! मशीन का बंद केलंत?" तिने झटकन बटण दाबलं.

बऱ्याच वेळाने आजोबा म्हणाले, "पोरीच्या यंत्राला माझ्यामुळे डाग नको, सूनबाई."

दारात उभ्या ताईने ते ऐकलं. ती त्यांच्या खुर्चीजवळ येऊन बसली. "आजोबा, चूक तुमची नाही, माझी आहे. कोणामुळे लाल झालं ते मी लिहिलंच नव्हतं."

तिने प्रत्येक लाइनवर वेगळा चिमटा बसवला. आजोबांच्या मशीनची वीज रंगाच्या हिशेबातून काढून टाकली. पुढच्या वेळी मी लाल झालो तेव्हा माझ्यावर अक्षरं होती : "गीझर सकाळपासून चालू आहे." आजोबांनी चष्मा पुसून ते मोठ्याने वाचलं आणि हाक मारली, "दादासाहेब, या! आज चोर सापडला!"

आता सगळे विजेचा हिशेब मोबाइलवर बघतात. माझ्याकडे कोणी फिरकत नाही, त्याचं थोडं वाईट वाटतं.

मित्रांनो, वीज जरूर वाचवा. पण बोट दाखवण्याआधी वीज नेमकी कुठे जाते ते शोधा. आणि घरात एखाद्याला तिची खरंच गरज असेल, तर त्याला जवळ बसून सांगा, "आम्ही वाचवतोय ती तुम्हाला पुरावी म्हणून."