हवेला वाट

बत्तीस वर्षं शीतगृहातली यंत्रं सांभाळून सासरे निवृत्त झाले आणि वर्षभरातच त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. तेव्हापासून त्यांनी पान्याला हात लावला नव्हता. घरातला नळ गळला तरी प्लंबरला बोलवा म्हणून मोकळे व्हायचे.

सुनेला मात्र गाड्यांचं वेड. आठवडाभर ती आपल्या दवाखान्यात लोकांचे दात कोरायची आणि रविवारी आपली जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची. रस्त्यावर ही गाडी गुणाची. ट्रॅकवर तिसऱ्या फेरीलाच इंजिन असं तापायचं की काटा लाल रेघेला टेकायचा. मेकॅनिकने मोठा रेडिएटर बसवला, दांडगा पंखा लावला. दोन फेऱ्या जास्त निघाल्या, मग येरे माझ्या मागल्या.

एका सकाळी ती बॉनेट उघडून हताश बसली होती. सासरे चहा घेऊन आले आणि सवयीने आत वाकले. चहा गार झाला तरी वाकलेलेच.

"ही हवा रेडिएटरमधूनच जाते, हे कशावरून?" त्यांनी विचारलं. "हवा महाआळशी. बाजूला एवढ्या फटी असताना ती जाळीतून कशाला धडपडेल?"

सुनेला ते पटलं नाही. मग सासऱ्यांनी सासूबाईंच्या विणकामातली लाल लोकर मागून आणली. या वयात स्वेटर विणणार का, हे ऐकून घेतलं. लोकरीचे तुकडे रेडिएटरच्या मागे आणि कडेच्या फटींत चिकटवले, आत छोटा कॅमेरा अडकवला, आणि सून मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारून आली. दोघांनी चित्रण लावून पाहिलं. फटींतली लोकर फडफडत होती. जाळीमागची नुसती लोंबत होती.

फटी बुजवायच्या ठरल्या. आधी पुठ्ठ्याचे साचे केले, मग ॲल्युमिनियमचा पत्रा आणला. सासऱ्यांनी पत्र्यावर रेघ मारायला घेतली. ती नागमोडी गेली. दुसरीही तशीच. त्यांनी खडू खाली ठेवला आणि उठून दाराकडे निघाले.

"बाबा," सून म्हणाली, "रेघ मी मारते. कुठे मारायची, ते मला कुठे कळतंय?"

ते दारातून मागे वळले. मग स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले.

तीन रविवार गेले. पत्र्याने रेडिएटरच्या चारही बाजूंच्या फटी बंद झाल्या, कडांना स्पंज बसला. तापलेली हवा निघून जावी म्हणून बॉनेटलाच झरोके पाडायचे म्हटल्यावर सुनेला आधी धीर होईना. पण एकदा करवत हातात घेतल्यावर तिने रेघेवरून सरळ कापत नेलं.

ट्रॅकवर सासरे कुंपणाला धरून उभे राहिले. तिसरी फेरी झाली. चौथी झाली. पाचव्या फेरीला त्यांनी श्वास सोडला. दहा फेऱ्यांनी ती गाडी ट्रॅकबाहेर घेऊन आली आणि त्यांना काटा दाखवला. मध्यापेक्षा जेमतेम वर होता.

परतताना गाडीत सासऱ्यांनी पुढचा विषय काढला.

"पाण्याचं झालं," ते म्हणाले. "पण इंजिनचं तेलही तापतंच की."

तेलाला वेगळा कूलर लावता येतो, तिने सांगितलं. पण जागा कुठे आहे? जागा त्यांनी हेरून ठेवली होती. पुढच्या रविवारी बघू, ती म्हणाली.

"रविवार कशाला? उद्या दवाखाना सुटला की ये."